गॅस भरण्याआधी

1940 सालच्या गाड्यांसाठी पॅकार्ड या अमेरिकी मोटार कंपनीने 274 डॉलर जादा मोजणाऱ्या गिऱ्हाइकांना एक नवी चैन देऊ केली. गाडीत थंड हवा! कारखान्यातूनच एसी बसवून येणारी ही पहिली मोटार मानली जाते. गार हवा मागच्या सीटच्या पाठीमागून यायची, कारण कूलिंग कॉइल आणि पंखा डिकीत ठेवले होते आणि सामानाची बरीच जागा त्यांनीच अडवली होती. त्याहून मोठी अडचण बॉनेटखाली होती. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालायचा आणि त्याला क्लच नव्हता. इंजिन सुरू म्हणजे कॉम्प्रेसरही सुरू. एसी खरोखर बंद ठेवायचा असेल तर गाडी उभी करायची, इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टाच काढून ठेवायचा. पॅकार्डने हा प्रयोग लवकरच गुंडाळला.

वापरायला गैरसोयीचा असलेला तो एसी बिघडल्यावर तपासायला मात्र सोपा होता. पट्टा फिरतोय का, पंखा चालतोय का, नळीतून कुठे गळतंय का, एवढ्यावर चौकशी संपायची. 1954 मध्ये नॅश कंपनीने हीटर आणि एसी यांची सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात एकत्र आणली. 1964 च्या कॅडिलॅकमध्ये चालकाने फक्त तापमान ठरवायचं आणि बाकीचं यंत्राने सांभाळायचं, अशी सोय आली. आज मध्यम किमतीच्या भारतीय गाडीतही ‘ऑटो’ असं लिहिलेलं एक बटण असतं. त्या एका बटणामागे बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर, आतलं मोजणारा दुसरा, ऊन मोजणारा तिसरा, कॉइलवर नजर ठेवणारा चौथा, हवेची वाट बदलणाऱ्या झडपा, त्या फिरवणाऱ्या बोटभर मोटरी आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा छोटा संगणक असतो.

म्हणजे बिघाडाचा पत्ता बदलला. पूर्वी तो पट्ट्यात आणि नळ्यांत सापडायचा. आता तो एखाद्या प्लास्टिकच्या दातेरी चाकात किंवा बंपरमागे सुटून लोंबणाऱ्या वायरीतही असू शकतो. निदान मात्र जुन्या पत्त्यावरच जाऊन धडकतं. ‘एसी गार करत नाही’ म्हणून गाडी गॅरेजात नेली की बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो: ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ या पुस्तकातली पुढची सगळी प्रकरणं या घाईच्या निकालाविरुद्ध लिहिलेली आहेत.

या निकालामागे दर वेळी लबाडीच असते असं नाही. गॅस भरणं हे तासाभराचं, हमखास पैसे देणारं काम आहे. सिलिंडर आणि गेज हाताशी असतात आणि बारीक गळती असलेल्या गाडीत भरलेला गॅस काही आठवडे, कधी काही महिने टिकतोही. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढच्या उन्हाळ्यात तेच गिऱ्हाईक परत येतं आणि ‘दर वर्षी गॅस भरावाच लागतो’ अशी समजूत दोघांच्याही मनात पक्की होते. शिक्षणाची व्यवस्थाही याला हातभार लावते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड वेगळा आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा वेगळा. गाडीचा एसी नेमका दोघांच्या शिवेवर पडतो. इंजिनवाल्याला दाबाचा हिशेब परका वाटतो, तर फ्रिज दुरुस्त करत मोठा झालेला कारागीर गाडीच्या वायरिंगला हात लावायला बिचकतो.

मूळ गोष्ट अशी की एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद वाटेत फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून अगदी थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतो हे खरं, पण सुस्थितीतल्या गाडीत त्याचा परिणाम जाणवायला बरीच वर्षं जावी लागतात. एकाच उन्हाळ्यात गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता वरून गॅस ओतणं म्हणजे पुढच्या बिलाची तारीख ठरवणं.

यंत्राचं तत्त्व थोडक्यात सांगायचं तर एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता आतून उचलून बाहेर टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-134ए हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो. ड्रायरमध्ये त्यातला ओलावा शोषला जातो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना त्याचा दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून घेतो. पॅकार्डपासून आजपर्यंत या फेऱ्यात तत्त्वाचा फरक पडलेला नाही. फरक पडला तो या फेऱ्याला कोण, कधी आणि का थांबवतं यात.

तक्रार नीट ऐकली तर अर्धं निदान गेज लावण्याआधीच होतं. गणपतीला कोकणात निघालेली गाडी पेणपर्यंत गारेगार असते आणि माणगावच्या कोंडीत उभी राहिली की जाळीतून कोमट वारा येऊ लागतो. कोंडी सुटून गाडीने वेग घेतला की पुन्हा गार. यात गॅसवर पहिला संशय घेण्याचं काहीच कारण नाही. धावत्या गाडीत कंडेन्सरला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत तो फक्त पंख्याकडून मिळतो. पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा पंख्याची मोटर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं, नाहीतर कंडेन्सरच्या पापुद्र्यांत चिखल, किडे आणि धूळ घट्ट बसलेली असते. उष्णता बाहेर पडत नाही म्हणून दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. अशा गाडीत आणखी गॅस भरला तर दाब आणखी चढेल आणि एसी आणखी लवकर बंद पडेल.

याच्या नेमकं उलट दुखणंही असतं. जुलैच्या दमट हवेत समृद्धी महामार्गाला लागलेली गाडी पहिला तासभर उत्तम चालते. मग ब्लोअरचा आवाज तसाच राहतो, पण हवेचा जोर ओसरतो. चहाला थांबून पुन्हा निघालं की एसी पूर्ववत. कूलिंग कॉइलचं तापमान सांगणारा छोटा थर्मिस्टर चुकीचं बोलू लागला की कॉम्प्रेसर वेळेवर थांबत नाही. कॉइलवर साचलेलं पाणी गोठतं आणि बर्फाच्या थरातून हवा जाईनाशी होते. चहाच्या वेळात तो बर्फ वितळतो. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी निरोगी झालेली असते, मेकॅनिकला काही सापडत नाही आणि मालक खोटा ठरतो. म्हणून ‘किती वेळाने’ आणि ‘कशानंतर’ हे दोन तपशील सांगायला विसरू नयेत.

ब्लोअर एक, दोन, तीनवर मुका आणि चारवर मात्र जोरात, असं झालं तर ब्लोअर रेझिस्टर पाहावा. शेवटच्या टप्प्यावर वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जाते, म्हणून तेवढा एकच वेग वाचतो. हवाच कमी येत असेल आणि आवाज भरपूर असेल तर ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघावा. तो पाच मिनिटांत निघतो. कित्येक मालकांना तो आहे हेच ठाऊक नसतं आणि त्यात सुकी पानं, उंदरांनी आणून ठेवलेला कापूस, क्वचित खुद्द उंदीरही सापडतो. डाव्या सीटसमोरचा गालिचा ओला होत असेल तर कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. गाडीखाली पाणी ठिबकणं हे मात्र दुखणं नव्हे. नवखे मालक त्याने घाबरतात. खरं तर पावसाळ्यात एसी लावूनही ते ठिबकत नसेल तर चौकशी करावी.

तापमानाच्या बटणाबद्दल सर्वात मोठा गैरसमज असा, की ते फिरवल्याने कॉम्प्रेसर कमी-जास्त जोर लावतो. बहुतेक गाड्यांत तसं होत नाही. डॅशबोर्डच्या पोटात कूलिंग कॉइलच्या पलीकडे हीटरची कॉइल असते आणि तिच्यातून इंजिनचं गरम पाणी खेळत असतं. गार झालेली हवा त्या गरम कॉइलवरून किती न्यायची आणि किती बाजूने सोडायची हे एक झडप ठरवते. आंघोळीच्या बादलीत गरम पाण्यात गार विसणावं तसं हे मिश्रण आहे. ही झडप अर्धवट उघडी अडकली तर सगळे दाब अगदी नमुनेदार असूनही जाळीतून कोमट हवा येते. हीटर आपल्याकडे वर्षातून कसाबसा चार दिवस लागतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या तक्रारीचं मूळ हीटरच्या झडपेत असेल अशी शंका फार कमी लोकांना येते. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे तीच झडप उलट्या बाजूने त्रास देते. हीटर लावावा आणि पायाला गार वारा लागावा!

झडपेच्या दुखण्यांचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1999 ते 2004 या काळातल्या जीप ग्रँड चेरोकीच्या ज्या गाड्यांत चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी वेगवेगळं तापमान ठेवता येई, त्यांच्या प्लास्टिकच्या झडपा तुटत. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा यायची. एकाच कॉम्प्रेसरचा, एकाच कॉइलचा एसी सहसा असा निम्मा बिघडत नाही, एवढं लक्षात घेतलं तरी संशय नळ्यांवरून उठून झडपांवर येतो. आपल्या गाड्यांत या झडपा फिरवणाऱ्या मोटरीचं चाक झिजलं की किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डमागून काही सेकंद टक-टक-टक असा आवाज येतो. बॅटरी बदलल्यानंतर काही गाड्यांत या मोटरींना आपली जागा पुन्हा शिकवावी लागते. स्कॅनर लावून किंवा कंपनीने दिलेल्या रीतीने ते काम होतं. तोवर एसी वेड्यासारखा वागतो आणि मालकाला वाटतं, नवी बॅटरीच खराब निघाली.

आता एक नेहमी घडणारा प्रकार. पुढून ठोकर बसलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग होऊन येते, चकचकीत दिसते, आणि एसी लागत नाही. मालक एसीवाल्याकडे जातो, गॅस भरला जातो, तरीही कॉम्प्रेसर ढिम्म. दुसरीकडे कॉम्प्रेसर बदलायचा सल्ला मिळतो. शेवटी कोणीतरी मीटरवर बाहेरचं तापमान बघतं, तर तिथे उणे 40 दिसत असतं. बंपर काढताना बाहेरच्या सेन्सरचा प्लग सुटला आणि परत लावायचा राहिला. संगणकाच्या समजुतीनुसार बाहेर सैबेरिया आहे आणि अशा थंडीत कॉम्प्रेसर चालवला तर त्याचं नुकसान होईल, म्हणून त्याने तो अडवून ठेवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कॉम्प्रेसर बंद पडला आहे, की बंद ठेवला आहे? आजच्या गाडीत हा पहिला प्रश्न. इंजिनचं पाणी तापलं, बॅटरीचा व्होल्टेज पडला, गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त झाला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला, अशा प्रसंगी संगणक कॉम्प्रेसरला रजा देतो. लहान इंजिनाची, सहा माणसं आणि सामान भरलेली गाडी बोरघाट चढताना अधूनमधून कोमट हवा देत असेल तर तो दोष असेलच असं नाही. इंजिनाला ताकद पुरवण्यासाठी एसीला क्षणभर बाजूला सारलं जातं. घाट चढताना एसी स्वतःच बंद करण्याची जुन्या चालकांची सवय आता संगणकाने उचलली आहे. पण सपाट रस्त्यावरही हेच होऊ लागलं तर एसीच्या आधी रेडिएटर आणि कूलंट तपासावं.

ऑटो एसीचे सेन्सर माणसांच्या सवयींनाही बळी पडतात. ऊन मोजणारा काळा ठिपका डॅशबोर्डवर काचेजवळ असतो. नेमक्या त्याच जागी गणपतीची मूर्ती चिकटवलेली असते किंवा मखमली चटई अंथरलेली असते. मग भर दुपारीही यंत्राला बाहेर सावली आहे असं वाटतं आणि ते ब्लोअर मंद ठेवतं. स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीआड आतल्या तापमानाचा सेन्सर असतो, तिथे धुळीचा बोळा बसला की गाडी थंड झाल्याची खबर उशिरा पोचते. ही दुरुस्ती फुकट आहे, म्हणून कोणी सुचवत नाही.

गेजकडे यायचं ते एवढं सगळं पाहून झाल्यावर. आणि गेज वाचण्यातही एक सापळा आहे. इंजिन बंद असताना गेज लावून ‘शंभर दाखवतोय, म्हणजे गॅस आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 30 अंश तापमानाला आर-134ए चा स्थिर दाब सुमारे 95 ते 100 पीएसआय असतो, मग आत त्याचा द्रव 400 ग्रॅम असो की 100 ग्रॅम. बंद इंजिनावरचा दाब फक्त तापमान सांगतो, वजन सांगत नाही. इंजिन चालू करून, कमी दाबाची लो साइड आणि जास्त दाबाची हाय साइड अशा दोन्ही बाजू एकत्र वाचूनच काही अर्थ लागतो. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त किंवा कंडेन्सरला वारा नाही. लो साइड वर आणि हाय साइड खाली असेल तर कॉम्प्रेसर दमला आहे. लो साइड शून्याकडे ओढली जात असेल तर वाट कुठेतरी तुंबली आहे, किंवा ओलावा शिरून व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आहे. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हाय साइड 200 ते 250 पीएसआयपर्यंत गेली तर दचकायचं कारण नाही. परदेशी तक्त्यातले थंड हवेचे आकडे इथे जसेच्या तसे लावले की चांगल्या गाडीतूनही गॅस काढला जातो.

गॅस भरायचाच तर तो वजनाने. बॉनेटखालच्या स्टिकरवर नेमके ग्रॅम छापलेले असतात. लहान गाड्यांत ते साधारण 350 ते 500 च्या दरम्यान असतात. एवढ्या कमी मापात पन्नास ग्रॅमची चूकही जाणवते. जास्त गॅसने जास्त गारवा येतो हा समज तर पार उलटा आहे. कंडेन्सरमध्ये द्रव साचून उष्णता टाकायला जागाच उरत नाही. आधीचा गॅस यंत्राने काढून घ्यायचा, पुरेसा वेळ व्हॅक्यूम मारून आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, व्हॅक्यूम टिकतो का हे पाहायचं आणि मग तराजूवर मोजून भरायचं. यातली व्हॅक्यूमची पायरी गर्दीच्या दिवसांत सर्रास गाळली जाते.

गळती शोधणं हे धीराचं काम. सांध्यांवर तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला तर तिथे आधी पाहावं, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. मग साबणाचं पाणी, नायट्रोजन भरून दाब टिकतो का याची परीक्षा, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग आणि इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. कंडेन्सर सगळ्यात पुढे असल्याने खडी आणि दगड तोच झेलतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा त्याचं अॅल्युमिनियम कुरतडते. कधी दोष कारखान्यातूनच आलेला असतो. 2016 पासूनच्या होंडा सिव्हिक गाड्यांत कंडेन्सर बारीक गळू लागल्यावर कंपनीने अमेरिकेत त्या भागाची हमी 10 वर्षांपर्यंत वाढवली. तोवर किती मालकांनी नुसता गॅस भरून वेळ काढला असेल! सर्वात महागडी गळती कूलिंग कॉइलची. सुटा भाग फार महाग नसतो, पण अनेक गाड्यांत त्याच्यापर्यंत पोचायला सगळा डॅशबोर्ड खोलावा लागतो. एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे खडखडत राहिला की मालक आयुष्यभर त्या कारागिराला शिव्या देतो.

काचेला आतून चिकट धुकं येत असेल आणि गोडसर वास असेल तर ते एसीचं नव्हे, हीटर कॉइल फुटून कूलंट झिरपतंय. आंबूस, ओल्या गोणपाटाचा वास आला तर कॉइलवर बुरशी धरली आहे. मुक्कामाला पोचण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल कोरडी होते. आंबोलीच्या धुक्या-पावसात काचा आतून धुरकटत असतील तर एसी बंद करू नये, तो हवा कोरडी करतो. मात्र हवा आतल्या आत फिरवणारी झडप उघडून बाहेरची हवा घ्यावी. ती झडप अडकली असेल तर तेही निदान तिथल्या तिथे झालं.

हवामानाचा हिशेब तर वेगळाच धरावा लागतो. चंद्रपूरची 45 अंशांची कोरडी दुपार आणि रत्नागिरीची 33 अंशांची घामट दुपार यांत एसीला कुठली जड, असं विचारलं तर बहुतेक जण चंद्रपूर म्हणतील. उष्णता बाहेर टाकणं चंद्रपुरात नक्कीच कठीण. पण रत्नागिरीत कॉइलची मोठी शक्ती हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यातच जाते आणि जाळीतल्या हवेचं तापमान म्हणावं तितकं उतरत नाही. 35 अंशांच्या दुपारी मधल्या जाळीत थर्मामीटर धरला तर 8 ते 12 अंश ही चांगल्या एसीची खूण समजावी. दमट किनाऱ्यावर त्यात थोडी सूट द्यावी. उन्हात उभी गाडी हे तर तिसरंच प्रकरण. 2005 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. अशा गाडीत बसून दोन मिनिटांत एसीला नावं ठेवण्यापेक्षा आधी काचा उघडून ती तापलेली हवा घालवावी.

गॅसच्या इतिहासाला या पुस्तकात एक वेगळं प्रकरण दिलं आहे, कारण त्याचा गॅरेजातल्या कामाशी थेट संबंध आहे. टॉमस मिजली या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1928 च्या सुमारास शोधलेला आर-12 हा गॅस विषारी नव्हता, पेट घेत नव्हता. मिजलीने तो भर सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. 1974 मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी असे गॅस ओझोनचा थर खातात हे मांडलं, 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि गाड्यांमध्ये आर-134ए आला. त्याने ओझोन वाचला, पण हवा तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट आहे. एका छोट्या गाडीतला 400 ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे साधारण 250 लिटर पेट्रोल जाळण्याइतकं झालं. नळी सैल करून ‘जुना गॅस उडवून टाकणं’ हे गॅरेजात रोज घडतं. युरोपात 2017 पासून नव्या मोटारींत आर-134ए ला बंदी आहे, तिथे आर-1234वायएफ वापरतात. 2021 मध्ये भारतानेही मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला मान्यता दिली, त्यामुळे इथेही या गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने उतरणार. दोन गॅस एकाच पाइपात मिसळणं, स्वस्त म्हणून एलपीजी घुसवणं, बनावट सिलिंडर घेणं, हे सगळं धोक्याचं. 2011 मध्ये जहाजावरच्या थंड कंटेनरांच्या यंत्रांत मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस भरला गेला, त्याची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि माणसं मेली. गाडीचा कंडेन्सरही अॅल्युमिनियमचाच असतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या कामाला नवं गांभीर्य आणलं. त्यांच्यात कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे तर बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याची मोटर गॅस-तेलातच बुडालेली असते. तिथे पेट्रोल गाडीतलं नेहमीचं पीएजी तेल घातलं तर विजेचं आवरण कमजोर होऊन गाडी चालायचंच नाकारू शकते. अनेक मॉडेलांत हाच एसी बॅटरीलाही थंड ठेवतो, त्यामुळे मे महिन्यात फास्ट चार्जिंग मंदावल्याची तक्रार शेवटी कूलिंगच्या बिघाडापाशी येऊन थांबू शकते. या गाड्यांतल्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, एवढीच सूचना या पुस्तकात त्याबद्दल घरगुती दुरुस्ती करणाऱ्याला दिलेली आहे.

आणि ट्रक. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांहून जड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी बसवणं केंद्र सरकारने सक्तीचं केलं आहे. उशिरा झालं, पण झालं. आजवर कार-एसीवाले शहरांत एकवटले होते, आता कळंबोली, नागपूरजवळची वाडी अशा ट्रकच्या ठाण्यांवर त्यांची गरज पडेल. कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा कंडेन्सर खासगी मोटारीपेक्षा फार लवकर तुंबतो. केबिन हेच चालकाचं झोपायचं घर असतं, त्यामुळे बंद जागेत इंजिन चालू ठेवून एसीत झोपण्याचा मोहही मोठा, आणि एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर जाग येत नाही. म्हणून ट्रकच्या प्रकरणात गेजपेक्षा जास्त पानं दोन गोष्टींना दिली आहेत: पापुद्रे न वाकवता, मागून पुढे पाण्याचा मंद फवारा मारून कंडेन्सर धुण्याची रीत, आणि एक्झॉस्टच्या सांध्यांची तपासणी.